लाओसचं तिकीट आणि दादाचं पंचांग

"आधी दुबई बघा," वहिनी म्हणाल्या.

"पण तुम्हाला लाओसला जायचंय ना?"

"हळू बोला! आधी दुबई. मग सिंगापूर. सिंगापूरवर जरा रेंगाळा, आवडल्यासारखं करा. आणि मग जाता जाता सहज नजर गेली असं दाखवून लाओस."

मी दुबई बघितली. वहिनी माझ्या शेजारी स्टुलावर बसून संगणकाच्या पडद्याकडे अशा काही नजरेनं बघत होत्या, की पलीकडून कोणी बघत असेल तर त्याला वाटावं, या बाईला विमान हे वाहनच मुळात पसंत नाही.

ही गोष्ट कराडची, बारा-तेरा वर्षांपूर्वीची. मी नुकताच बँकेतून निवृत्त झालो होतो आणि निवृत्त माणसानं करायच्या गोष्टींपैकी पहिली, म्हणजे संगणक घेणं, ही करून बसलो होतो. दुसरी कोणती ते सुचत नव्हतं. कालिंदीवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. पोस्टात काउंटरवर नोकरी झालेली, पेन्शन स्वतःची, घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. श्रावण लागला त्या सुमारास एकदा त्या भेंडीची पिशवी हातात घेऊन आल्या, पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "भावोजी, पाठीला सॅक लावून परदेशात हिंडायचंय मला. एकटीला. तीन आठवडे. स्वस्तातलं विमान शोधून द्या." पाव किलो भेंडी द्या म्हणाल्या असतील त्याच आवाजात.

पहिल्या दिवशी मी भाबडेपणानं थेट लाओसच विचारला. तिकीट दिसलं. वहिनींना हाक मारली. त्या चष्मा पुसून लावेपर्यंत त्याची किंमत वाढली.

"तुम्ही हावरटासारखं बघितलंत," वहिनी म्हणाल्या. "मंडईत गेलाय का कधी? जो ढीग आवडलाय त्याच्याकडे बघायचं नसतं. शेजारच्या ढिगाला नावं ठेवायची असतात."

"वहिनी, हे यंत्र आहे."

"यंत्र आहे तर तुम्ही बघितल्यावर वाढलं कसं?"

तेव्हापासून आमचा शोध मंडईच्या शास्त्रानं चालू झाला. सकाळी ताजा माल असतो म्हणून सकाळी बघायचं नाही. संध्याकाळी, मंडई उठायच्या वेळेला बघायचं.

"उरलेला माल पाडून विकतात," वहिनी म्हणाल्या.

"अहो, विमान काय कोमेजतं का?"

"रिकामी खुर्ची कोमेजते की."

रिकामी खुर्ची खरंच कोमेजते. विमान उडालं की तिचा पाचोळा. हे मला कोणी बँकेच्या प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.

स्वस्त तिकिटं मिळत नव्हती असं नाही. पण त्यांना एकेक खोड असायची. एक तिकीट पूर्वेला जाण्यासाठी आधी मस्कतला, म्हणजे पश्चिमेला न्यायचं. एक कोलकात्याहून निघायचं, आणि कोलकात्याला पोचायचं कसं हा आपला घरगुती प्रश्न होता. एकात कोलंबोच्या विमानतळावर अख्खा दिवस बसून राहायचं होतं. वहिनी म्हणाल्या, "चालेल. विणायला घेऊन जाईन."

"सुया नेऊ देत नाहीत विमानात."

"मग बसेन नुसती. घरी कधी बसायला मिळालंय?"

एकदा मी विचारलं, "वहिनी, लाओसच का? बायका सिंगापूरला जातात, फार तर बालीला."

"सहज."

"आहे काय तिथं?"

"मला काय माहीत?" वहिनी म्हणाल्या. आणि हे त्यांनी इतक्या समाधानानं सांगितलं, की मला पुढे विचारावंसं वाटू लागलं आणि विचारता येईना.

तर त्या दिवशी दुबई झाली, सिंगापूरवर रेंगाळून झालं आणि लाओसवर सहज नजर गेली. मुंबईहून, सोमवारी, बऱ्यापैकी स्वस्त. इतक्यात दादा आला.

माझा दादा, पुरुषोत्तम तारळेकर, हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवायचा. निवृत्तीनंतर त्याचा वर्ग गेला, शिकवणं गेलं नाही. चहात साखर विरघळली की ती का विरघळली हे तो सांगायचा. न विरघळली तरी सांगायचा. आणि देव, धर्म, मुहूर्त म्हटलं की त्याच्या अंगावर पुरळ उठायचं. सूर्यग्रहणात भर दत्त चौकात मांडी घालून त्यानं लोकांसमोर मिसळ खाल्ली होती. ग्रहण सुटल्यावर आणखी एक मागवली, कारण पहिलीच्या वेळी सगळं लक्ष प्रयोगाकडे होतं, चव कळली नव्हती. आमच्या आईचं शेवटचं पंचांग त्यानं हलणाऱ्या कपाटाच्या पायाखाली घातलं होतं आणि आल्यागेल्याला तो पंचांगाचा हा एकमेव सिद्ध झालेला उपयोग दाखवायचा.

तो माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. पडदा वाचला.

"सोमवार?"

"हो. सोमवारीच स्वस्त दिसतंय."

दादानं छताकडे बघितलं. घसा खाकरला. "सोमवारी पूर्वेला जात नाहीत."

माझी बायको रोहिणी चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली.

"कोण जात नाहीत?" मी विचारलं.

"कोणीच. दिशाशूळ असतो. सोमवारी आणि शनिवारी पूर्वेला."

मी हसायला तोंड उघडलं आणि तो आधी हसेल म्हणून वाट बघितली. तो हसला नाही. कप घेतला, चहा प्यायला, साखरेबद्दल अवाक्षर न काढता निघून गेला.

"जाऊबाई," रोहिणी म्हणाली, "दादांची तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम आहे," वहिनी म्हणाल्या. "भावोजी, पुढचं बघा."

पुढचं शनिवारी निघालं. ते दिशाशुळानं गेलं. त्याच्या पुढचं बुधवारी निघालं, तेव्हा दादा म्हणाला, "पिठोरी अमावास्या." ते पंचांग कपाटाखालून निघालंय की नवीन आणलंय, हे बघायला मी मुद्दाम त्याच्या घरी जाऊन आलो. कपाट सरळ होतं. म्हणजे नवीन आणलं होतं! दादानं, रोख पैसे मोजून, दुकानात उभं राहून पंचांग विकत घेतलं होतं.

एक चमत्कारिक गोष्ट मात्र त्या पंचांगातून कळली. तिकीट जितकं स्वस्त तितका दिवस अशुभ. जणू त्या परक्या विमान कंपन्यांत एखादा जोशीबुवा बसवला होता आणि तो रोज सकाळी तिथी सांगून भाव पाडत होता. पण जोशीबुवांचं सोडा. दादाचं काय झालं होतं? मी त्याला थेट विचारलं, "तू हे मानायला कधी लागलास?"

"मी मानत नाही," दादा म्हणाला. "पण असतं."

"असतं म्हणजे?"

"म्हणजे असतं. मानण्या न मानण्याचा काय संबंध?"

मग एका सकाळी मी वर्तमानपत्रं चाळायला वाचनालयात गेलो, तर कोपऱ्यातल्या टेबलावर दादा. समोर नकाशांचं मोठं पुस्तक उघडं, शेजारी आग्नेय आशियावरचा एक जाडजूड ग्रंथ, आणि दादा ओठ हलवत वाचतोय, परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याच्याच वर्गातली मुलं वाचायची तसा. मला बघून त्यानं नकाशांचं पुस्तक ग्रंथावर पालथं घातलं.

संध्याकाळी हे मी वहिनींना गंमत म्हणून सांगितलं. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला.

"कसला ग्रंथ?"

"तिकडचाच. लाओस, कंबोडिया वगैरे."

"किती वाचून झालाय?"

"निम्मा असेल."

वहिनी स्टुलावरून उठल्या, पुन्हा बसल्या. "भावोजी, घाई करायला हवी. आता दुबईत वेळ घालवू नका."

मला वाटलं, दादाही मागे लागून येतोय की काय अशी भीती त्यांना वाटली. पण येणारा माणूस पंचांग आणून प्रवास मोडत नाही, आणि मोडणारा माणूस ग्रंथ वाचत नाही. दोन्ही एकाच वेळी करणारा दादा माझ्या ओळखीचा नव्हता. बँकेत असं खातं दिसलं असतं तर मी वरच्या साहेबांना कळवलं असतं.

गौरी जेवून गेल्या आणि त्याच आठवड्यात ते तिकीट सापडलं. मुंबईहून बँकॉक, तिथून रात्रीच्या रेल्वेनं सरहद्द, सरहद्दीवर नदीचा पूल, पूल ओलांडला की लाओस. परतीचं तिकीट तीन आठवड्यांनी. सामान फक्त हातातलं, सात किलो. आणि किंमत अशी, की संगणकाची चूक झाली असावी असं वाटून मी पडद्यावरची धूळ पुसली.

वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, शेजाऱ्यांची स्कूटर होती. त्या स्कूटरकडे बघत, ओठाच्या कोपऱ्यातून त्या पुटपुटल्या, "घ्या."

"वार विचारणार नाही?"

"घ्या म्हणते ना."

मी घेतलं. तिकीट झाल्याचा निरोप पडद्यावर आला तेव्हा कुठे वहिनींनी मान वळवून उघडपणे तिकडे बघितलं आणि हसल्या.

वार सोमवार होता. दिशा पूर्व होती. आणि पितृपक्ष होता.

दादाला सांगितलं तेव्हा तो जवळजवळ खूश झाला. "पितृपक्षातला सोमवार! आणि पूर्वेला! कालिंदी, याहून वाईट दिवस शोधूनसुद्धा सापडणार नाही."

"बरोबर आहे तुमचं," वहिनी म्हणाल्या. "मग मी प्रस्थान ठेवते."

"काय ठेवतेस?"

"प्रस्थान. माझी आई ठेवायची. निघायचा दिवस वाईट असला तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवासाचं सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस त्या चांगल्या दिवशीच निघाला असं धरतात. मग खरं कधीही निघा. या गुरुवारी दिवस चांगला आहे, तुमच्याच पंचांगात बघितला मी. सॅक भावोजींकडे ठेवते."

"हे थोतांड आहे!" दादा ओरडला.

"दिशाशूळ खरा आणि प्रस्थान थोतांड?"

दादानं उत्तर द्यायला बोट वर केलं. बोट वरच राहिलं. थोड्या वेळानं त्यानं ते बोट खाली घेतलं आणि चपला घालून फिरायला गेला.

गुरुवारी सकाळी वहिनी आमच्याकडे सॅक घेऊन आल्या. निळी, नवी कोरी, चेनला हळदीकुंकू लावलेलं. रोहिणीनं पाट मांडला, त्यावर तांदूळ, तांदळावर सॅक, सॅकवर सुपारी. हिमालय चढायला निघाल्यासारखी दिसणारी ती सॅक हळदीकुंकू लावून पाटावर बसलेली बघून मला हात जोडावेसे वाटले.

"एक लक्षात ठेवा," वहिनी म्हणाल्या. "आता ही सॅक घरी परत जाता कामा नये. गेली की प्रवास मोडला."

नियम कडक होता आणि वहिनींनी तो पुरता पाळायचं ठरवलं होतं. पण सामान भरताना त्यांनी एक चूक केली होती. ती चूक अत्यंत व्यवस्थित बाईच करू शकते. लागणारं सगळं त्यांनी आठवून आठवून आधीच भरून टाकलं होतं. रक्तदाबाच्या गोळ्या, कंगवा, नेलकटर, वाचायचा चष्मा. आता काहीही घरी न्यायचं नाही. म्हणून त्या रोज सकाळी गोळी घ्यायला आमच्याकडे यायच्या, दुपारी वाचायला यायच्या, आणि एकदा भर उन्हात नुसता भांग पाडायला येऊन गेल्या. वहिनी कराडात होत्या आणि त्यांच्या वस्तू लाओसच्या वाटेवर.

शुक्रवारी दुपारी रोहिणी बाहेर गेली होती. मी मधल्या खोलीत आडवा पडलो होतो. दारात चपला काढल्याचा आवाज झाला, पण हाक आली नाही. डोळे किलकिले करून बघितलं, तर दादा.

तो पाटासमोर उभा राहिला. सुपारी उचलून काळजीपूर्वक बाजूला ठेवली. सॅक उचलली, वजनाचा अंदाज घेतला. मग इकडेतिकडे बघून त्यानं ती पाठीला लावली. पट्टे ओढले, छातीवरची चाप खटकन लावली. कपाटाच्या आरशासमोर उभा राहिला. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. खोलीत एक फेरी मारली, थोडं वाकून, डोंगर चढतो आहे अशी. आणि मग दाराकडे निघाला.

"दादा."

तो दचकला. "तू झोपला होतास."

"उठलो."

"मग परत झोप."

"सॅक कुठे नेतोयस?"

"वजन करायला. सात किलोच्या वर गेलं तर विमानतळावर अडवतील. घरी काटा आहे."

"घरी नेली की प्रस्थान मोडतं."

"मी असलं काही मानत नाही," दादा ताठ होत म्हणाला. मग दाराबाहेर पडला, व्हरांड्याच्या पायऱ्या उतरला, अंगणात गेला आणि फाटकाशी जाऊन थांबला. कडीवर हात ठेवला. मी त्याच्या मागोमाग गेलो होतो. माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "ती मानते का रे?"

"काय की. मला वाटतं, मानते असं दाखवते."

"का?"

"ते तुला ठाऊक. तू का दाखवतोस?"

दादा फाटकापासून परत फिरला आणि पायरीवर बसला. सॅक काढायला लागला, तर छातीवरची चाप निघेना. दाबली, ओढली, तिला रसायनशास्त्रातला काहीतरी शब्द म्हणाला. मी हात लावला तर आणखीच घट्ट बसली. आम्ही दोघे निवृत्त माणसं त्या चापेशी झटत असताना फाटक वाजलं. वहिनी. दुपारची गोळी घ्यायला आल्या होत्या.

त्यांनी दादाकडे बघितलं. सॅककडे बघितलं. "घरी नेत होतात?"

दादाच्या पाठीवर सॅक, त्यामुळे त्याला नीट टेकताही येत नव्हतं. मी आत जायला निघालो तर म्हणाला, "बस इथंच." मग वहिनींना म्हणाला, "मला विचारलंससुद्धा नाहीस."

"काय, परवानगी?"

"परवानगी नाही गं. येता का, म्हणून."

"विचारलं असतं तर तुम्ही आला असता."

हे वाक्य वहिनींनी अगदी साध्या आवाजात टाकलं. ते दादाला कळायला वेळ लागला. मला त्याच्याही नंतर कळलं.

"म्हणजे मी नकोय."

"बदामीला गेलो होतो आपण," वहिनी म्हणाल्या. "आठवतंय? मी बदामीची लेणी बघितली नाहीत. ऐकली."

"मी तुला समजावून सांगत होतो."

"छान सांगत होतात. तिथला गाइड आपली माणसं सोडून तुमचं ऐकायला आला होता. कन्याकुमारीला पहाटे उठून गेलो. सूर्य वर येईस्तोवर, आधी दिसतो तो खरा सूर्य नव्हेच, हे तुम्ही मला बोट करून सांगत होतात. मी बोटाकडे बघत होते. तुम्ही बोट खाली केलंत तेव्हा ऊन पडलं होतं."

"मला वाटायचं तुला आवडतं."

"आवडतंच. रागावून नाही सांगत मी. पण एक, एकच काहीतरी मला आधी बघायचंय. कोणी सांगायच्या आधी."

दादा चापेवर अंगठा फिरवत राहिला. मी न राहवून विचारलं, "म्हणून लाओस?"

आता वहिनी हसल्या. "मे महिन्यात मी यांना रोज चहाच्या वेळी एकेक देश विचारत होते. जपान विचारला, चहा गार झाला. इजिप्तला दोन चहा लागले. म्हटलं मंगोलिया, तर यांना घोड्यांची सगळी माहिती. आइसलँड म्हटलं, तर ज्वालामुखी. मला वाटायला लागलं, यांना माहीत नाही असा देशच उरला नाही जगात. मग एक दिवस लाओस विचारला. हे म्हणाले, 'लाओस ना? आहे तिकडे, व्हिएतनामच्या बाजूला.' आणि पेपर उचलला." वहिनींनी माझ्याकडे बघितलं. "त्या दिवशी मला इतका आनंद झाला भावोजी, काय सांगू."

"तेव्हा नव्हतं माहीत," दादा म्हणाला. त्याला ते लागलं होतं. "तू विचारलंस आणि मला आलं नाही, असं कधी झालं नव्हतं. म्हटलं, पुन्हा विचारलंस तर यायला हवं. वाचून काढलं सगळं. आता बऱ्यापैकी येतं. कालिंदी, तो पूल ओलांडशील ना, त्याच्या खालची जी नदी आहे, ती मुळात—"

वहिनींनी दोन्ही हातांनी कान झाकले. डोळेही मिटले. भर दुपारी, आमच्या अंगणात, साठी उलटलेली बाई तशी उभी राहिली.

दादाचं तोंड उघडंच राहिलं. शाळा तपासणीला आलेल्या साहेबांना त्याला मध्येच थांबवता आलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी घंटा वाजवून बघितली होती. त्या दिवशी त्याचं वाक्य घशापर्यंत आलेलं मला दिसलं, आणि तिथून परत खाली जाताना दिसलं.

वहिनींनी एक डोळा उघडला. "संपलं?"

"सांगितलंच नाही," दादा म्हणाला.

त्यांनी हात खाली घेतले. मग त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या. "आणि ते पंचांग कशासाठी आणलंत हो? तुम्ही?"

दादानं नजर फाटकाकडे वळवली. "जाऊ नको म्हणायला दुसरं काही सापडेना. शास्त्रात शोधलं. शास्त्रात काही नव्हतं."

वहिनींनी हात पुढे करून चापेच्या दोन्ही बाजू एकदम दाबल्या. ती लगेच निघाली. सॅक पाठीवरून सुटली तसा दादा मोकळा झाला. पण त्यानं ती खाली ठेवली नाही, मांडीवर घेतली.

"मोडलं का ते?" त्यानं विचारलं. "तुझं प्रस्थान?"

"तुम्हीच सांगा."

मला वाटलं, आता तो संधी घेणार. एक शब्द पुरला असता. वहिनींच्या नियमानंच त्यांचा प्रवास मोडला असता आणि दोष कोणाचाच नसता.

दादानं अंगणाकडे बघितलं, फाटकाकडे बघितलं, मोजमाप घेतल्यासारखं. "नाही मोडलं," तो म्हणाला. "फाटकाच्या बाहेर पाऊल पडलेलं नाही. कडीला हात लावला, पण कडी आतल्या बाजूला आहे. वासू साक्षीला होता. काय रे?"

"होतो," मी म्हणालो.

त्यानं स्वतः सॅक आत नेली, पाटावर ठेवली. वर सुपारी ठेवायला विसरला नाही.

सोमवारी सकाळी आम्ही वहिनींना मुंबईच्या गाडीत बसवलं. दादाला स्टँडवर आल्यावर पाट्या मोठ्यानं वाचून गावांची नावं कशावरून पडली ते सांगायची सवय. त्या दिवशी त्यानं फक्त, "खिडकी मिळाली?" एवढंच विचारलं. मिळाली होती. गाडी गेली, तरी तो फलाटावर उभा राहिला, आणि मी घरी चल म्हटल्यावर तुमच्याकडेच येतो म्हणाला. त्यानंतर तो रोजच येत होता. संगणकावरून बोलता येतं हे वहिनींना मी शिकवून ठेवलं होतं, पण त्यांचा काही पत्ता नव्हता. दादा येऊन स्टुलावर बसायचा, आणि दुसरं कोणी नसल्यामुळे सगळा लाओस मला सांगायचा. नदी, राजे, युद्ध, भात. मी ऐकायचो. एके दिवशी तर निव्वळ पांढऱ्या चाफ्यावर अर्धा तास झाला होता. तो त्यांच्याकडे देवळादेवळात कसा आणि मूळचा कुठल्या खंडातला, जहाजांतून कसा आला, अगदी सालासकट.

एका सकाळी संगणक वाजला. पडद्यावर काही दिसत नव्हतं, पण आवाज वहिनींचा, खणखणीत.

"अहो, ऐकू येतंय का? मी पोचले! पूल चालत नाही ओलांडू देत, बसमधून नेतात. पण नदी बघितली. केवढी मोठी! चहाच्या रंगाची. मी नाव नाही विचारलं कोणाला."

दादाचे ओठ नदीच्या नावातलं पहिलं 'मे' म्हणण्यासाठी मिटले. मिटलेच राहिले.

"मग?" तो म्हणाला.

लहानपणापासून एका खोलीत वाढलो होतो आम्ही. हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

"मग ना, सकाळी रस्त्यावरून भिक्षू चालले होते, रांगेनं. बायका चटया टाकून भात घालत होत्या. एकीनं मला सरकून जागा दिली. माझ्याकडे भात कुठला? राजगिऱ्याचे लाडू होते, तेच घातले. एका म्हाताऱ्या भिक्षूनं वाकून लाडवाकडे बघितलं आणि काय गोड हसला!"

"मग?"

वहिनी सांगत होत्या, मध्येच हरवत होत्या, परत मागे जाऊन सांगत होत्या. कोण कुठली बाई, कसली तरी पानं, कुठल्या तरी देवळाचं वाकलेलं छप्पर. दादा दोन्ही हात गुडघ्यांमध्ये घट्ट धरून बसला होता. मग वहिनी म्हणाल्या, "एक विचारू का? इथे जिकडे बघावं तिकडे आपला पांढरा चाफा आहे हो. देवळांत, रस्त्यात, बायकांच्या डोक्यात. इतक्या लांब कसा आला असेल?"

दादानं माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे बघत राहिलो.

"काय की," दादा म्हणाला. "तू सांग. दिसतो कसा तिथे?"